लोखंडी संग्रहालयाचे दोन मुक्काम

लंडनच्या पूर्व भागात बेथनल ग्रीनच्या भुयारी स्थानकातून वर आले की एका छोट्या बागेला लागून लाल विटांची लांबट इमारत दिसते. बाहेरून ती एखाद्या जुन्या शाळेसारखी वाटते. आत पाऊल टाकले की मात्र नजर आपोआप वर जाते. बारीक ओतीव लोखंडी खांब, त्यांच्यावर तोललेल्या कमानी, मधला प्रशस्त चौक आणि चौकाला वेढणारे सज्जे. बाहेरच्या विटा बेथनल ग्रीनच्या आहेत. आतले लोखंड मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाचे, साउथ केन्सिंग्टनचे. तिथे ते १८५६ मध्ये उभे राहिले, दहाएक वर्षे राबले, खोलून काढले गेले आणि १८७२ मध्ये इथे नव्याने रुजू झाले. आज ही वास्तू ‘यंग व्ही अँड ए’ या नावाने मुलांचे संग्रहालय म्हणून ओळखली जाते. दीडशे वर्षे उलटून गेलेल्या या संस्थेचा इतिहास सांगायचा तर तो या लोखंडापासूनच सांगावा लागतो, कारण संस्थेआधी इमारत होती आणि इमारतीआधी एक प्रदर्शन होते.

ते प्रदर्शन म्हणजे १८५१ चे लंडनचे महाप्रदर्शन. हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनने काचेचा आणि लोखंडाचा ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला आणि साडेपाच महिन्यांत सुमारे साठ लाख लोकांच्या भेटी तिथे नोंदल्या गेल्या. सगळा खर्च भागून १,८६,००० पौंड शिल्लक राहिले. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट प्रदर्शनाच्या आयोगाचे अध्यक्ष होते. या शिलकीतून कला, विज्ञान आणि उद्योग यांच्या शिक्षणासाठी कायमची सोय करावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी आयोगाने साउथ केन्सिंग्टनमध्ये मोठी जमीन घेतली. तेव्हा तो शहराच्या कडेचा, बागाईत असलेला भाग होता.

प्रदर्शनातून विकत घेतलेल्या वस्तूंचे एक संग्रहालय १८५२ मध्ये मार्लबरो हाउस या राजघराण्याच्या वाड्यात सुरू झाले होते. त्याची सूत्रे हेन्री कोल यांच्याकडे होती. कामाचा उरक, हट्ट आणि सरकारी दारे ठोठावण्याची चिकाटी या तिन्ही बाबतींत कोल यांची बरोबरी करणारा माणूस त्या काळच्या लंडनमध्ये सापडणे कठीण. पुढे मार्लबरो हाउस युवराजांसाठी हवे झाले. संग्रह हलवणे भाग होते, पण पक्की इमारत बांधायला ना वेळ होता ना पुरेसा पैसा. तेव्हा १८५५ मध्ये प्रिन्स अल्बर्ट यांनीच तात्पुरत्या लोखंडी इमारतीची कल्पना मांडली आणि संसदेने १५,००० पौंड मंजूर केले. सी. डी. यंग या कंपनीने काम घेतले. सुटे भाग कारखान्यात ओतायचे, जागेवर आणून बोल्टांनी जोडायचे आणि वरून पन्हाळी पत्रा ठोकायचा, असे ते तंत्र होते. याच कंपनीने १८५७ मध्ये मँचेस्टरच्या मोठ्या कलाप्रदर्शनाची इमारतही बांधली.

साउथ केन्सिंग्टनची ही इमारत सुमारे २६६ फूट लांब आणि १२६ फूट रुंद होती. तीन लांब दालने शेजारी शेजारी, प्रत्येकावर गोलसर पत्र्याचे छप्पर. रेल्वेइंजिनाच्या बॉयलरची तीन पिंपे आडवी घालून ठेवावीत तसे ते दिसे. ‘द बिल्डर’ या बांधकामविषयक साप्ताहिकाने तीच उपमा दिली आणि त्या भागाच्या ब्रॉम्प्टन या नावावरून ‘ब्रॉम्प्टन बॉयलर्स’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. रूप थोडे सुधारावे म्हणून बाहेरून हिरवे-पांढरे पट्टे रंगवून पाहिले, पण नाव काही पुसले गेले नाही. पत्रा उन्हाळ्यात तापे, थंडीत गारठे, पावसात गळे.

ही टीका खोटी नव्हती, पण निंदा करणाऱ्यांनी फक्त छप्पर पाहिले. जून १८५७ मध्ये साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय लोकांसाठी उघडले, ते गॅसचे दिवे लावून रात्रीही चालू ठेवले गेले. दिवसभर कारखान्यात वा दुकानात राबणाऱ्या माणसाला संग्रहालय पाहायचे तर ते संध्याकाळीच उघडे हवे, ही साधी गोष्ट कोल यांना पुरती कळली होती. भुकेल्या प्रेक्षकाला तिथेच खायलाप्यायला मिळावे अशीही सोय त्यांनी केली. आज जगातले कोणतेही मोठे संग्रहालय उपाहारगृहाशिवाय राहत नाही; त्याची सुरुवात इथून झाली. पत्र्याच्या त्या छपराखाली शिक्षणसाधने, शिल्पे, पेटंट घेतलेली यंत्रे, प्राण्यांपासून मिळणारा कच्चा माल आणि अन्नपदार्थ असे अठरापगड संग्रह एकत्र नांदत होते.

आजूबाजूला विटांच्या पक्क्या इमारती उठू लागल्या तसे बॉयलर्स अडचणीचे झाले. १८६५ मध्ये सरकारने प्रस्ताव ठेवला की लंडनच्या उत्तर, पूर्व आणि दक्षिण भागांत स्थानिक लोक जागा देणार असतील तर या इमारतीचे भाग त्यांना द्यावेत आणि तिथे जिल्हा संग्रहालये व्हावीत. तीन दिशांना हाक गेली. ओ आली ती एकट्या पूर्वेकडून.

याला लागूनच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूळ क्रिस्टल पॅलेसही हलवला गेला होता. हाइड पार्कमधून उतरवून तो दक्षिणेच्या सिडनम टेकडीवर नेला आणि १८५४ मध्ये आणखी भव्य रूपात उघडला. त्याच्यावर कौतुकाची खैरात झाली, त्याच्या नावाने एक अख्खी वस्ती ओळखली जाऊ लागली आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री तो जळून गेला. ज्याची सगळ्यांनी वाखाणणी केली तो काचेचा महाल आज नाही. ज्याला सगळ्यांनी नावे ठेवली ते लोखंड अजून उभे आहे. माझ्या मते याचे कारण एकच. सिडनमचा महाल लोकांना दिपवण्यासाठी होता, तर बेथनल ग्रीनला गेलेल्या लोखंडाला रोजचे काम मिळाले आणि काम बदलत गेले तरी ते कधी रिकामे बसले नाही.

त्या काळचे बेथनल ग्रीन म्हणजे हातमागाचे गाव म्हणावे असा भाग. फ्रान्समधून धर्मछळामुळे आलेल्या ह्युगनॉट विणकरांनी शेजारच्या स्पिटलफील्ड्समध्ये रेशीम विणण्याचा धंदा रुजवला होता आणि तो बेथनल ग्रीनपर्यंत पसरला होता. माळ्यावरच्या खोल्यांना रुंद खिडक्या, त्यांच्या उजेडात माग, आणि मागापाशी अख्खे कुटुंब. १८६० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात व्यापार करार झाला, फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि आधीच खचत चाललेला हा धंदा कोसळला. १८६६ मध्ये लंडनमधली कॉलऱ्याची शेवटची मोठी साथ आली, तिचा सर्वांत मोठा तडाखा पूर्व भागालाच बसला. अशा वस्तीत संग्रहालयाची मागणी करणारी माणसे निघाली, हे मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. पोट आणि पाणी यांचा प्रश्न सुटलेला नसतानाही आपल्या मुलांनी चांगले काम, चांगले रंग, चांगली नक्षी पाहावी, असे त्यांना वाटत होते.

या माणसांमध्ये सर अँटोनियो ब्रॅडी अग्रभागी होते. ते आरमार खात्यातले अधिकारी. फावल्या वेळात इल्फर्डच्या मातीच्या खाणींतून मॅमथ हत्तींची हाडे जमवणारे. पुढे एपिंगचे जंगल कुंपणात जाऊ नये म्हणूनही ते झटले. त्यांच्याबरोबर बेथनल ग्रीनचे धर्मगुरू सेप्टिमस हॅन्सर्ड आणि डॉ. जॉन मिलर होते. जागा ठरली ती गावाच्या मधोमध असलेल्या ‘पुअर्स लँड’ची. सतराव्या शतकाच्या अखेरीस, १६९० मध्ये, स्थानिक रहिवाशांनी आपण विकत घेतलेली ही जमीन विश्वस्तांकडे सोपवली होती. तिच्यावर इमारती होऊ नयेत आणि तिचे उत्पन्न गोरगरिबांना कोळसा व रोकड अशा रूपात वाटले जावे, अशी व्यवस्था होती. त्यातला तुकडा संग्रहालयासाठी वर्गणी काढून घेण्यात आला. सरकारने इमारत दिली असे म्हणायची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. सरकारने लोखंड दिले. जमीन गरिबांच्या नावाची होती आणि तिच्यासाठी पैसा उभा केला तो पूर्व लंडनच्या लोकांनी.

साउथ केन्सिंग्टनमध्ये बोल्ट सुटू लागले. लोखंडी सांगाड्याचा मोठा भाग पूर्वेकडे गेला; उरलेला तुकडा शतक संपेपर्यंत तिथेच राहिला आणि त्या संग्रहालयाच्या, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) संग्रहालयाच्या, दर्शनी इमारतीसाठी जागा करून देताना पाडला गेला. बेथनल ग्रीनची उभारणी वास्तुविशारद जेम्स विल्यम वाइल्ड यांच्याकडे होती. पत्र्याच्या भिंतींमुळे झालेली नाचक्की त्यांना ठाऊक होती, म्हणून लोखंडी सांगाडा आत ठेवून त्यांनी बाहेरून विटांचे कवच चढवले. त्यांचा मूळ आराखडा मात्र याहून कितीतरी मोठा होता. त्यात उंच मनोरा होता, ग्रंथालय होते, संग्रहालयप्रमुखाचे घर होते. पैसा पुरला नाही आणि यातले काहीच झाले नाही. श्रीमंत पश्चिमेत जेव्हा इमारतीवर इमारत उठत होती, तेव्हा पूर्वेला थोरल्याचा उतरलेला अंगरखा धाकट्याला द्यावा तसा जुना सांगाडा मिळाला, आणि त्याला नवी बाही जोडायचीही तयारी कोणी दाखवली नाही. हे लिहिताना आजही वाईट वाटते.

तरी पैशाच्या त्या ओढग्रस्तीतून दोन सुंदर गोष्टी झाल्या, आणि दोन्ही स्त्रियांच्या हातच्या आहेत. पहिली, मधल्या चौकातली फरशी. काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे बारीक तुकडे माशाच्या खवल्यांसारखे रचून ती केली आहे. हे तुकडे वोकिंगच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांनी तयार करून बसवलेले. हेन्री कोल यांनी या कामाला ‘ओपुस क्रिमिनाले’, म्हणजे गुन्हेगारांची कलाकृती, असे लॅटिन नाव दिले होते. या फरशीवरून दीडशे वर्षांत लाखो पावले गेली, त्यात मुलांची पळती पावले सर्वांत जास्त, आणि तरीही ती टिकून आहे. दुसरी गोष्ट बाहेरच्या भिंतींवर आहे. छपराखालच्या पट्ट्यात शेती, कला आणि विज्ञान यांची मोठी चित्रे मोझेइकमध्ये केलेली आहेत. रेखाटने एफ. डब्ल्यू. मूडी यांची आणि प्रत्यक्ष जडणकाम साउथ केन्सिंग्टनच्या मोझेइक वर्गातल्या विद्यार्थिनींचे.

२४ जून १८७२ रोजी युवराज एडवर्ड आणि युवराज्ञी अलेक्झांड्रा यांच्या हस्ते बेथनल ग्रीन संग्रहालय उघडले. आत काय मांडले होते? सर रिचर्ड वॉलेस यांचा चित्रसंग्रह. फ्रेंच, डच आणि स्पॅनिश चित्रकारांची अव्वल चित्रे, फ्रेंच फर्निचर, पोर्सलेन, चिलखते. पॅरिसमधला वेढा आणि कम्यूनचे बंड पाहून वॉलेस लंडनला आले होते आणि त्यांच्या लंडनमधल्या घराचे वाढीव बांधकाम चालू होते. ते पुरे होईपर्यंत, १८७५ पर्यंत, त्यांनी हा संग्रह बेथनल ग्रीनला उसना दिला. आज ‘हसरा घोडेस्वार’ म्हणून जगभर ओळखले जाणारे फ्रान्स हाल्सचे चित्रही त्यात होते. कामगारवस्तीत अशी चित्रे नेऊन काय उपयोग, असा प्रश्न तेव्हाच्या सुशिक्षितांनी विचारला. उत्तर गर्दीने दिले. पहिल्याच वर्षी लाखो लोक आले. मोची, सुतार, भाजीवाल्या बायका, कडेवर मुले घेतलेल्या आया.

इथे मुंबईच्या वाचकाने थोडे थांबावे. त्याच वर्षी, बेथनल ग्रीनच्या आधी जेमतेम दोन महिने, २ मे १८७२ रोजी भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुंबईचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय उघडले. आपण त्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. दोन्ही संस्थांची बीजे १८५१ च्या प्रदर्शनाने जागवलेल्या एकाच विचारातली. मुंबईच्या संग्रहालयाचा पहिला संसार फोर्टमधल्या लष्करी बराकींत थाटला होता. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत सैन्याला जागा हवी म्हणून वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या. पुढे जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी लोकवर्गणीतून नवी इमारत उभी करायचे मनावर घेतले. १८६२ मध्ये पायाभरणी झाली, १८६५ मध्ये कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला आणि काम रखडले. बेथनल ग्रीन आणि भायखळा, दोन्हीकडे ओतीव लोखंडाचे खांब, दोन्हीकडे सज्जे, दोन्हीकडे पैशाची चणचण आणि दोन्हीकडे माघार न घेणारे नागरिक. पुढे युवराज एडवर्ड १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. इथल्या संस्थानिकांनी त्यांना दिलेली शस्त्रे, दागिने, मीनाकाम आणि भरजरी वस्तू लंडनला गेल्यावर साउथ केन्सिंग्टनपाठोपाठ बेथनल ग्रीनलाही मांडण्यात आल्या. पुढे १८७८ मध्ये हा नजराणा पॅरिसच्या प्रदर्शनात गेला, तेव्हा त्याची माहितीपुस्तिका लिहिणारे गृहस्थ म्हणजे मुंबईचे संग्रहालय सांभाळलेले तेच बर्डवुड.

वॉलेस यांचा संग्रह परत गेल्यावर बेथनल ग्रीनचे काय होणार, हा प्रश्न होता. तिथे कायमचे होते ते साउथ केन्सिंग्टनहून आलेले अन्नाचे आणि प्राणिज मालाचे संग्रह. कोणत्या धान्यात कोणते घटक किती असतात, हे बरण्यांत वेगळे काढून दाखवलेले. हेतू चांगला होता, पण अर्धपोटी माणसाला अन्नाचे घटक काचेआड दाखवण्यात एक अवघडलेपणही होते, आणि ते कोणाच्या लक्षात आल्याचे दिसत नाही. बाकी जागा पाहुण्या संग्रहांनी भरली. पुढे जनरल पिट-रिव्हर्स म्हणून ओळखल्या गेलेल्या लेन फॉक्स यांचा मानववंशशास्त्रीय संग्रह १८७४ मध्ये लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो इथेच. तो नंतर ऑक्सफर्डला गेला. साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीचा धोका वाटल्याने नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची व्यक्तिचित्रे १८८५ मध्ये इथे आली आणि १८९६ पर्यंत राहिली. त्यांच्या काळजीवाहकांना इमारतीचा जाच झाला. छप्पर दमट, काचेवर बाष्प, उन्हाळ्यात उकाडा. बॉयलर्सचे जुने दुखणे विटांच्या कवचाखालीही गेले नव्हते.

पाहुणे गेल्यावर मात्र बरीच वर्षे सुस्तीची गेली. साउथ केन्सिंग्टनमध्ये ज्याला जागा नाही ते बेथनल ग्रीनला धाडायचे, अशी वहिवाट पडली. स्पिटलफील्ड्सचे रेशीम आणि स्थानिक सुतारकामाचे नमुने यांना जागा मिळाली, तेवढे त्यातल्या त्यात बरे.

संस्थेचे भाग्य फिरले ते १९२२ मध्ये. त्या वर्षी आर्थर सेबिन यांच्याकडे संग्रहालयाचा कारभार आला. ते कवी होते, स्वतःचे छोटे हस्तमुद्रणालय चालवीत. सेबिन यांनी आल्याआल्या पाहिले ते असे की संग्रहालयात सर्वांत जास्त येतात ती आजूबाजूच्या वस्तीतली मुले, आणि ती कंटाळलेली असतात. त्या मुलांना बाहेर काढण्याचे उपाय याआधी पुष्कळ झाले असतील. सेबिन यांनी उलट वाट धरली. वस्तू मुलांच्या नजरेच्या उंचीवर आणल्या, दालनात वर्ग घेण्याची सोय केली, शिक्षिका नेमल्या आणि बाहुल्या, बाहुलीघरे, खेळणी, मुलांचे कपडे गोळा करायला सुरुवात केली. मेरी ग्रेग या बाईंनी आपला खेळण्यांचा मोठा संग्रह दिला. राणी मेरी यांनीही खेळणी पाठवली. न्यूरेंबर्गचे १६७३ चे बाहुलीघर आजही या संस्थेच्या संग्रहाचे भूषण आहे. त्यातला स्वयंपाकघरातला पितळी भांड्यांचा पसारा पाहताना आपल्या भातुकलीची आठवण होतेच. कोणताही सरकारी ठराव न होता, एका माणसाच्या निरीक्षणातून संस्थेला तिचे खरे काम सापडले.

दुसऱ्या महायुद्धात संग्रहालय बंद झाले आणि चौकात लोकांसाठी सरकारी भोजनालय चालू लागले. शेजारच्या भुयारी स्थानकाचा निवारा म्हणून वापर होत असे. ३ मार्च १९४३ च्या रात्री तिथे जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन १७३ माणसे गेली; त्यांत ६२ मुले होती. एकही बॉम्ब त्या रात्री तिथे पडला नव्हता. ज्या वस्तीतल्या मुलांसाठी सेबिन यांनी दालने बदलली होती, त्याच वस्तीतली ही मुले.

युद्धानंतर मुलांचा संग्रह वाढत गेला, पण पाटीवर त्याची नोंद व्हायला १९७४ उजाडले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे नवे संचालक रॉय स्ट्राँग यांनी बेथनल ग्रीनला अधिकृतपणे बालपणाचे संग्रहालय केले. २००६ मध्ये कारुसो सेंट जॉन या वास्तुविशारदांनी रंगीत दगडांची नवी दर्शनी बाजू आणि प्रवेशदालन दिले; मनोऱ्याविना राहिलेल्या इमारतीला एकशे चौतीस वर्षांनी धड दरवाजा मिळाला. २०२० मध्ये संग्रहालय मोठ्या कामासाठी बंद झाले. सुमारे १ कोटी ३० लाख पौंड खर्चून, स्थानिक मुलांना सोबत घेऊन आतली मांडणी नव्याने केली गेली आणि १ जुलै २०२३ रोजी ते ‘यंग व्ही अँड ए’ म्हणून उघडले. खेळ, कल्पना आणि रचना अशी तीन मुख्य दालने झाली. नंतरच्या काळात घातलेले आडोसे निघाले, वरून उजेड पुन्हा चौकात उतरला आणि १८५६ चे लोखंड उघड्यावर दिसू लागले. २०२४ मध्ये ब्रिटनच्या आर्ट फंडाचा ‘वर्षातील सर्वोत्तम संग्रहालय’ हा सन्मान त्याला मिळाला.

आज आजूबाजूच्या वस्तीत सिल्हेटहून आलेली बंगाली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सुटीच्या दिवशी चौकात बंगाली, इंग्रजी आणि आणखी कितीतरी भाषा ऐकू येतात. प्रवेश मोफत आहे. लंडनला जाणाऱ्या मराठी वाचकाने साउथ केन्सिंग्टनचे मोठे संग्रहालय तर पाहावेच, पण एक सकाळ बेथनल ग्रीनसाठी राखावी. आधी बाहेरून बाजूच्या भिंतींवर विद्यार्थिनींनी जडवलेली चित्रे पाहावीत, मग आत खांबांच्या माथ्याकडे आणि वोकिंगच्या बायकांच्या फरशीकडे. सोबत मुले असतील तर हे सगळे पाहून होण्याच्या आतच ती खेळाच्या दालनाकडे ओढत नेतील, आणि मोठ्यांनी त्यांच्यामागून जावे.